मावळचा १९५७ सालचा कौल

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत कुलवृत्तांत व गुणवंतांचा गौरव यांना अग्रस्थान असते, ते योग्यच होय. तथापि ज्या भूमीत आपली घराणी नांदली, तिचीही एक हकीकत मुलाबाळांच्या कानी पडावी म्हणून आम्ही ती येथे सादर करीत आहोत.

सन १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४९४ पैकी ३७१ जागा जिंकल्या. स्वातंत्र्य मिळवून देणारी संस्था आणि पंडित नेहरूंसारखा नेता. तिच्यापुढे कोण टिकणार? परंतु येथे द्वैभाषिक राज्य लादले गेले होते आणि फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराची जखम ताजी होती. पुण्यात समितीच्या नानासाहेब गोऱ्यांनी काकासाहेब गाडगीळांचा पराभव केला. काकासाहेब स्वतः संयुक्त महाराष्ट्राचे कैवारी! राग पक्षावर होता, भोवला त्यांना.

लोकसभा व विधानसभा यांचे मतदान तेव्हा एकाच वेळी होई. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत. आडोशाला प्रत्येकाची निराळी पेटी, तीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत सोडायचा. काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ हा सारा भातखाचरांचा मुलूख. चिखलणीला बैल नसला तर वर्ष बुडालेच. अशा कुणब्याने बैलजोडीकडे पाठ फिरवावी, ही सोपी गोष्ट नव्हे.

लोणावळ्यानजीकच्या आमच्या गावी आजीने आधी बैलांच्या पेटीला हात जोडले आणि मग विधानसभेचा कागद जनसंघाच्या पणतीला दिला. आजोबा कट्टर काँग्रेसचे. त्यांना तिने हे कित्येक वर्षे कळू दिले नाही. आडोशाच्या त्या पडद्याचे महत्त्व आम्हांस शाळेत नागरिकशास्त्र शिकवतानाही याहून चांगले सांगता आले नाही.

मावळातून विधानसभेवर रामभाऊ म्हाळगी निवडून आले. केलेल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची प्रथा होती. ती पुढे फारशी कोणी उचलली नाही, याचा खेद वाटतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मागणी पुरी होताच समितीचा जोर ओसरला. १९६२ साली विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या, पुण्याची लोकसभेची जागाही तिजकडे परत गेली. यास कोणी लोकांचा चंचलपणा म्हणतात; आम्हांस तसे वाटत नाही. ज्यासाठी रुसवा होता, ते पदरात पडले होते. त्या वर्षी पेट्या जाऊन मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, आणि आपण शिक्का बैलजोडीवर मारला हे आजी आजोबांच्या देखत सांगत असे.