कपोतपुच्छ सांधा : शब्द आणि वस्तू

पुणे-सातारा मार्गावर कापूरहोळ येथे भोरचा रस्ता फुटतो. तेथूनच नारायणपूरकडेही जाता येते. भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे, तर नारायणपूरला पुरंदरच्या पायथ्याशी यादवकालीन नारायणेश्वराचे मंदिर आहे. एक लाकडाची परंपरा दाखविते, दुसरे दगडाची. प्रस्तुत टिपणाचा विषय याहून लहान, पेटीच्या कोपऱ्यातील एक सांधा, हा आहे. परंतु त्याचा विचार या दोन्ही परंपरांना सोडून करता येत नाही.

पेटीच्या दोन फळ्या काटकोनात जोडावयाच्या असता एका फळीच्या टोकाला मुळाशी अरुंद व टोकाशी रुंद असे दाते कापतात आणि दुसरीत त्यांना जुळणाऱ्या खाचा पाडतात. दाता सरळ आत बसतो. मात्र ओढ लागली तर रुंद टोक अरुंद खाचेतून निसटू शकत नाही. दात्याचा उतार मऊ लाकडात सुमारे सहास एक, कठीण लाकडात आठास एक ठेवण्याचा प्रघात आहे. उतार फार झाला तर दात्याचे कोपरे तुटतात, फार कमी झाला तर पकड राहत नाही. चारही बाजूंच्या फळ्यांचे तंतू पेटीभोवती एकाच दिशेने फिरत असल्यामुळे पावसाळ्यात त्या सारख्याच फुगतात आणि उन्हाळ्यात सारख्याच आकसतात. म्हणून सांधा उकलत नाही. लोखंडी खिळा गंजतो. येथे गंजण्यासारखे काही नसतेच.

आता नावाचा प्रश्न. इंग्रजांना या आकारात कबुतराची शेपटी दिसली, जर्मन व फ्रेंच सुतारांना भिंगरीची. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस ज्या शब्दाने तो सुचवितो त्याचा मूळ अर्थ लहान कुऱ्हाड असा आहे. सांधा तर या साऱ्या नावांहून जुना. प्राचीन ईजिप्तच्या लाकूडकामात तो आढळतो. यावरून स्पष्ट होते की, नाव हे पाहणाऱ्याच्या परिसरातून येते. वस्तूच्या उगमाचा तो पुरावा नव्हे.

आपल्याकडील सुतारकामाच्या शब्दसंग्रहाचेही असेच आहे. ‘करवत’ हा संस्कृत करपत्रापासून आला, ‘रंधा’ फारसीतून. ‘पेटी’ संस्कृत, ‘संदूक’ अरबी. ही सारी नावे एकाच कारागिराच्या तोंडी नांदतात. तो कारागीर स्वतः ‘सूत्रधारा’चा वंशज आहे. आज ‘डोव्हटेल’ हा शब्द मराठी सुताराच्या बोलण्यात रुळला आहे. तेवढ्यावरून हा सांधा इंग्रजांनी शिकविला, असे अनुमान काढणे घाईचे होईल. ‘कुसू’ आणि ‘खाच’ हे शब्द आकाराचे वर्णन करीत नाहीत, कार्य सांगतात. अशा कार्यवाचक शब्दांच्या पोटात अनेक आकार सामावू शकतात.

मग जुन्या मराठी घरातील फणेरपेटीवर हा सांधा शोभेसाठी मिरविलेला सहसा का दिसत नाही? माझ्या मते याचे उत्तर अलंकरणाच्या रूढीत आहे. येथे कोपऱ्यावर पितळी पट्टी येई आणि शोभा पट्टीला व नक्षीला मिळे. सांधा तिच्याखाली झाकला जाई. वाड्यांतही कलाकुसर सुरूच्या खांबांवर आणि महिरपींवर झाली, जोडांवर नव्हे. दोन रंगांची लाकडे घेऊन सांधाच उघडा ठेवणे व त्यालाच अलंकार मानणे ही वेगळी अभिरुची आहे. पट्टी न काढता तिच्याखाली काहीच नाही असे म्हणणे संशोधकास शोभत नाही. हेमाडपंती मंदिरांत चुन्यावाचून दगडात दगड बसविणाऱ्या प्रदेशाला गुंतवून धरण्याची कल्पना परकी होती, असे मानण्यास आधार नाही.

या विषयाला एक निकडीची बाजू आहे. प्लायवूड, सरस आणि यंत्राचा खिळा यांनी हातचा सांधा मागे सारला आहे. वस्तू निदान संग्रहालयात उरते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात घरगुती वापराच्या अशा कितीतरी वस्तू जपल्या आहेत. तिच्या भागांची नावे मात्र सुताराबरोबरच जातात. गावगाड्यात सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत होता. आपल्या कोशांत त्याच्या शब्दांना तेवढे मानाचे स्थान मिळालेले नाही. भोर-वेल्ह्याकडील वृद्ध कारागिरांकडे जाऊन, पेटी समोर ठेवून, प्रत्येक दात्याचे व खाचेचे नाव त्यांच्याच उच्चारात टिपून घेणे हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. ते पुढच्या पिढीसाठी राखून ठेवता येणार नाही.