१,१२,७६९ मतं म्हणजे किती माणसं?

माझ्या प्रबंधाच्या एका कच्च्या प्रकरणात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं: '१९६९ मध्ये १,१२,७६९ जणांनी चिंतामणराव देशमुखांना मत दिलं.' मार्गदर्शकांनी 'जणांनी' भोवती लाल गोल काढला आणि समासात विचारलं, 'एवढे आमदार-खासदार कुठून आणलेस?' हीच चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

मी कशेळीत राहतो. ग्रामपंचायतीत सरपंच थेट निवडायचा की सदस्यांमधून, हा नियम राज्यात २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा बदलला. राष्ट्रपतीची निवड मात्र पहिल्यापासून अप्रत्यक्षच आहे. आपण आमदार-खासदार निवडून देतो आणि ते राष्ट्रपती निवडतात.

इथे प्रत्येक मताला 'मूल्य' असतं. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, मग १००० ने. आज महाराष्ट्राचं गणित असं: १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८, म्हणून एका आमदाराचं मत १७५. देशातल्या सगळ्या आमदारांचं एकूण मूल्य खासदारांच्या संख्येने भागलं की खासदाराचं मूल्य मिळतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं. म्हणजे तक्त्यातला आकडा डोक्यांचा नसतो, मूल्याचा असतो.

आता १९६९ कडे या. झाकिर हुसेन यांचं मे महिन्यात निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर आपले चिंतामणराव; मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्या, असं आवाहन केलं.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. एकूण वैध मतं ८,३६,३३७, म्हणून कोटा ४,१८,१६९. तो कुणीच गाठला नाही. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीकडे गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

वजाबाकी करून बघा. या प्रवासात रेड्डींची ९१,८७९ वाढली, गिरींची फक्त १८,५६२. म्हणजे 'देशमुखांच्या मतांनी गिरी जिंकले' हे अर्धंच खरं. हस्तांतराचा मोठा वाटा रेड्डींकडे गेला, पण गिरींना थोडीच हवी होती. आणि १०,८३३ मतं वाटेतच संपली, कारण पुढची पसंती देणं बंधनकारक नाही. ती सगळी रेड्डींना मिळाली असती तरी ४,१६,२६० झाली असती. गिरी तरीही पुढेच!

पण एक गोष्ट हा तक्ता कधीच सांगणार नाही: कोणत्या आमदाराने विवेकाचं ऐकलं आणि कोणी नेत्याचं. मतदान गुप्त होतं. तिथे आत्मचरित्रं, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रं लागतात, आणि त्यांतला प्रत्येक दावा तपासावा लागतो.

तेव्हा निकालाचा तक्ता हातात आला की आधी एकक विचारा, मग बेरीज जुळवा, आणि कारणांकडे सगळ्यात शेवटी वळा. मी उलटं केलं होतं. तो लाल गोल मी अजून जपून ठेवलाय.