साबणाचं पातेलं आणि वजनाचा काटा

घरी पहिल्यांदा साबण करू पाहणारा माणूस आधी साचे आणि सुगंधी तेलं विकत आणतो. भांड्याकडे त्याचं लक्ष अगदी शेवटी जातं. वास्तविक सुरुवात तिथूनच व्हायला हवी. शीत पद्धतीत तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, यांच्या अभिक्रियेतून साबण व ग्लिसरीन तयार होतं. सोडा पाण्यात विरघळताना द्रावणाचं तापमान ८० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतं. एवढ्या तापलेल्या तीव्र अल्कलीपुढे जे टिकेल, तेच भांडं कामाचं.

ॲल्युमिनियम पूर्णपणे वर्ज्य. या धातूला राखतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर, आणि अल्कली आधी तोच खाते. मग उघडा पडलेला धातू विरघळू लागतो आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू फसफसत बाहेर पडतो. हिंडालियमची कढई त्याच धातूच्या मिश्रणाची, आणि बहुतेक नॉन-स्टिक भांड्यांच्या लेपाखालीही तोच धातू असतो. इथे चुंबकाची परीक्षा फसवी ठरते. तो ॲल्युमिनियमला चिकटत नाही, तसाच चांगल्या ३०४ प्रतीच्या स्टीललाही फारसा चिकटत नाही. त्यापेक्षा भांडं हातात तोलून पाहावं, कारण स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते.

माळ्यावरचं पितळी पातेलं वापरण्याचा मोहही टाळावा. कल्हईतलं कथील आणि पितळेतलं जस्त, दोन्ही अल्कलीत विरघळतात. तांब्याचा अंश साबणात उतरला तर तेलं लवकर खवट होतात. लोखंडाचाही तोच दोष. उरतं स्टील. त्यातल्या क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर या कामात टिकून राहतो. टवके न उडालेलं एनॅमलचं भांडंही चालतं. सोड्याच्या द्रावणासाठी पॉलिप्रॉपिलिनचा, तळाशी ५ हा आकडा असलेला, जाड जग उत्तम. काच मात्र नको, बोरोसिलिकेटसुद्धा. अल्कली तिचा पृष्ठभाग हळूहळू कुरतडते आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासकट ती तडकते.

आता काट्याकडे वळू. माझ्या मते पातेल्याइतकीच, किंबहुना जास्तच, काळजी इथे घ्यावी. २५० ग्रॅम खोबरेल आणि २५० ग्रॅम शेंगदाणा तेल घेतलं, तर त्यांच्या पूर्ण साबणीकरणाला सुमारे ८० ग्रॅम सोडा लागतो. थोडं तेल मोकळं राहावं म्हणून आपण त्यात ५ टक्के कपात करतो, म्हणजे ७६ ग्रॅम घेतो. आपली सारी सुरक्षितता या ४ ग्रॅममध्ये आहे. स्प्रिंगच्या काट्यावर एवढा फरक सहज निसटतो आणि वडीत मोकळा सोडा राहून कातडी पोळते. म्हणून १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हवा. वाटी-चमच्याचं माप इथे उपयोगाचं नाही, कारण प्रत्येक तेलाची सोड्याची गरज वेगळी असते.

यातूनच घाण्याचा आकारही ठरतो. ‘आधी थोडंसं करून पाहू’ म्हणत नवखा माणूस १०० ग्रॅम तेल घेतो. तिथे सुरक्षिततेची मर्यादा १ ग्रॅमहूनही कमी उरते आणि तोच काटा अपुरा पडतो. अर्धा किलो तेलापासून सुरुवात करणं जास्त सुरक्षित. तेल आणि द्रावण मिळून पाऊण लिटरच्या आसपास भरतं. घुसळताना उडू नये म्हणून पातेलं दोन लिटरचं, उभट घ्यावं.

हँड ब्लेंडरची दांडी स्टीलचीच हवी. काहींची ॲल्युमिनियमची असते. लाकडी डावाचे तंतू सोड्याने सुटतात, म्हणून उलथनं सिलिकॉनचं घ्यावं. गॉगल आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे यांच्यावर काटकसर करू नये. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. साच्यांवर पहिल्या वेळी खर्चच नको. बटर पेपर लावलेलं लाकडी खोकं पुरतं. केकचा डबा मात्र बहुधा ॲल्युमिनियमचा निघतो.