पुस्तकाची किंमत कोणी ठरवायची?

लहान पुस्तकविक्रेते मागे पडले आणि साखळी-दुकानांनी बाजार व्यापला, ही कथा सहसा वाचकांच्या बदललेल्या सवयींची म्हणून सांगितली जाते. ब्रिटनपुरती तरी ती बऱ्याच अंशी एका कराराची कथा आहे.

1890 मध्ये फ्रेडरिक मॅकमिलन या प्रकाशकाने आल्फ्रेड मार्शल यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ एका अटीवर विक्रीस काढला: विक्रेत्याने छापील किमतीवर ग्राहकास सूट द्यावयाची नाही. (स्पर्धेचे शास्त्र शिकविणाऱ्या ग्रंथापासूनच स्पर्धेला आळा बसावा, हा योगायोग गमतीचा खरा!) 1 जानेवारी 1900 पासून हीच अट ‘नेट बुक अ‍ॅग्रीमेंट’ या नावाने तेथील ग्रंथव्यापारात रूढ झाली.

तिचे मर्म दुकानाच्या हिशेबात आहे. सूट दिली जाते ती हातोहात खपणाऱ्या पुस्तकांवर. लहान दुकानदार मात्र त्याच पुस्तकांच्या नफ्यावर कवितासंग्रह, कोश, स्थानिक इतिहास वर्षानुवर्षे फळीवर ठेवू शकतो. खपाची पुस्तके मोठ्या दुकानाकडे वळली की ती फळी रिकामी होते.

1962 मध्ये करार निर्बंधक व्यापारप्रथांविषयीच्या न्यायालयापुढे आला. तो रद्द झाल्यास चांगला साठा ठेवणारी दुकाने घटतील, पुस्तके महागतील आणि कमी ग्रंथ प्रसिद्ध होतील, असे मानून न्यायालयाने तो लोकहिताचा ठरविला. 1982 मध्ये सुरू झालेली वॉटरस्टोन्स ही साखळीसुद्धा या कराराच्या छायेतच वाढली, हे विसरू नये. साखळी म्हणजे शत्रूच, असे समीकरण मला मान्य नाही. 1991 मध्ये डिलन्स या साखळीने निवडक पुस्तकांवर सूट देऊन कराराला आव्हान दिले. 1995 च्या सप्टेंबरात मोठे प्रकाशक बाहेर पडले, आणि खपाऊ कादंबऱ्या किराणा मालाच्या महादुकानांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. मार्च 1997 मध्ये त्याच न्यायालयाने करार लोकहितविरोधी ठरविला. 1995 मध्ये सुमारे 1,900 असलेली स्वतंत्र दुकाने 2016 पर्यंत 900 च्या खाली आली. त्यात दुकानभाड्यांचा आणि ऑनलाइन विक्रीचाही वाटा होताच.

फ्रान्सने नेमक्या उलट दिशेने पाऊल टाकले. 10 ऑगस्ट 1981 च्या कायद्याने, जो सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने ओळखला जातो, नव्या पुस्तकावरील सूट पाच टक्क्यांवर रोखली. करार मोडता आला, कायदा टिकला. पुढे घरपोच विक्रीतली पळवाट बुजविण्यासाठीही तेथे कायदे झाले.

आपल्याकडे छापील कमाल किमतीपेक्षा अधिक घेण्यास मनाई आहे. कमी घेण्यास नाही. प्रकाशकाने किमान विक्रीदराची अट घातली, तर 2002 च्या स्पर्धा कायद्याचे कलम 3(4) आड येऊ शकते. मात्र अशी अट आपोआप अवैध ठरत नाही. स्पर्धेवर ठळक प्रतिकूल परिणाम होतो का, हे तपासावे लागते. सीमाभागातल्या मराठी दुकानाची फळी कोणाच्या नफ्यावर उभी आहे, हा प्रश्न त्या तपासात अद्याप कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.