गोदीतला स्फोट आणि आपली स्मृती

दुसरे महायुद्ध केव्हा सुरू झाले, असे विचारता शाळकरी मुले १९३९ हे साल चटकन सांगतात. तेच युद्ध मुंबईच्या दारी कसे आले होते, असे विचारता मात्र ती गप्प होतात. दोष मुलांचा नाही. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते. जे गुणांत मोजले जात नाही ते सांगायला वर्गात सवड नाही आणि ऐकायला घरात सवड नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. इंग्लंडहून निघतानाच त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा होत्या. वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या गासड्या चढवण्यात आल्या. दुपारी जहाजातून धूर निघाला. बंबवाले धावून आले. जहाज गोदीबाहेर न्यावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. चारच्या सुमारास पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. त्याचे हादरे दूर शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले. शत्रूच्या एकाही विमानाने बॉम्ब टाकला नव्हता, तरी गोदीलगतच्या वस्त्या बेचिराख झाल्या आणि हजारो लोक बेघर झाले.

अग्निशमन दलाचे ६६ जवान या आगीत कामी आले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. पण एकूण माणसे किती मेली? कोणी ८०० सांगतात, कोणी १,३००. ज्यांची संख्यादेखील निश्चित नाही, त्यांची नावे कोण सांगणार? युद्धकाळ म्हणून सरकारने बातमी दाबून धरली. वृत्तपत्रांना ती सविस्तर छापण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. तोवर ही हकिकत लोकांच्या तोंडीच राहिली होती.

ही तोंडची शिदोरी आता सरत आली आहे. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. म्हणून वाचकहो, आमचे सांगणे एवढेच: घरात असे कोणी वडीलधारे असतील तर मुलांना वही देऊन त्यांच्यापाशी बसवा. त्या दिवशी ते कोठे होते, काय ऐकले, कोण परतले नाही, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मुंबईतील जुन्या धर्मग्रामांच्या दफन-नोंदवह्यांतील एप्रिल १९४४ ची पाने पाहा. वृद्धांची आठवण कधी चुकते, कागदही कधी अपुरा असतो. एकाशी दुसरे ताडून पाहणे हाच इतिहासाचा पहिला धडा होय. तो शिकण्यास परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. त्या वहीची एक प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवा. पुढची पिढी विचारील तेव्हा दाखवायला आपल्यापाशी निदान काही पाने असावीत.