पूरक्षेत्रातील घर आणि बांधकाम परवानगी : रायपूरच्या तलावांपासून पूररेषेपर्यंत

प्रस्तावना

समजा, तुमच्या कुटुंबाने रायपूरमध्ये एक भूखंड घेतला आहे. रजिस्ट्री झाली, नामांतरण झाले, आणि आता महानगरपालिकेकडून नकाशा मंजूर करून घ्यायचा आहे. शेजारचे लोक सांगतात की पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी साचते. कागदावर मात्र तसे काहीच नाही. अशा वेळी परवानगी मिळणे म्हणजे जागा सुरक्षित असणे, असे मानता येईल का?

हा प्रश्न वरवर पाहता अभियांत्रिकीचा किंवा कायद्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासाचाही आहे. कोणती जमीन पाण्याची आणि कोणती घराची, हे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या दप्तरांनी ठरवले. या पाठात आपण ती दप्तरे क्रमाने पाहू. उदाहरणे रायपूरची व महाराष्ट्राची घेतली आहेत, पण तुम्ही देशात कुठेही राहत असलात तरी हीच पद्धत तुमच्या गावाला लावून पाहता येईल.

१. तलावांचे शहर

रायपूर हे खारून नदीच्या काठचे शहर. खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने भागवायचे तर पाणी अडवून ठेवणे भाग होते. म्हणून या सपाट प्रदेशात सखल जागी बांध घालून तलाव करण्याची पद्धत रूढ झाली. बूढ़ा तलाव, तेलीबांधा, महाराजबंध ही रायपूरमधील नावे त्या परंपरेची आहेत. एका तलावाचे जादा पाणी नाल्याने पुढच्या तलावात आणि शेवटी नदीत जाई. तलाव व नाले मिळून एकच व्यवस्था होती, हे लक्षात ठेवा. एक दुवा बुजला की पाणी दुसरीकडे पसरते.

अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले. १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६७ मध्ये रायपूरला नगरपालिका स्थापन झाली. १८९२ मध्ये राजनांदगावच्या राजांच्या नावाने ओळखली जाणारी बलरामदास पाणीपुरवठा योजना सुरू झाली आणि खारूनचे पाणी नळाने शहरात आले.

नळ आल्यावर पिण्यासाठी तलावांची गरज कमी झाली. गरज कमी झाली की देखभाल कमी होते, आणि वाढत्या शहरात अशी जागा ‘रिकामी’ दिसू लागते. १९०१ मध्ये सुमारे ३२ हजार वस्तीचे हे शहर २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर गेले होते. २००० मध्ये ते नव्या राज्याची राजधानी झाल्यावर जमिनीची मागणी आणखी वाढली. आजचे रजबंधा मैदान हे नाव पाहा. ‘बंधा’ म्हणजे बांध घातलेला तलाव. पाणी गेले तरी नावात त्याची खूण राहिली आहे.

२. मालगुजारी दप्तर काय सांगते

मध्य प्रांतात गावाचा सारा मालगुजार भरत असे आणि गावच्या तलावांवरही बहुधा त्याचाच ताबा असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि असे बरेच तलाव सरकारकडे आले. विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांना आजही माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणतात. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ यांचा हा समान वारसा आहे.

याच व्यवस्थेतून आलेली दोन दप्तरे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ओळखली पाहिजेत. पहिले निस्तार पत्रक : गुरे चारणे, लाकूडफाटा, पाणी इत्यादींसाठी गावकऱ्यांना कोणत्या जमिनीचा वापर करता येईल, याची नोंद. दुसरे वाजिब-उल-अर्ज : पाणी, वाट, मासेमारी यांविषयीच्या रूढ हक्कांची नोंद. १९५९ च्या भू-राजस्व संहितेने दोन्ही कायम ठेवली. महाराष्ट्रात आपण सातबारा पाहतो, तसा छत्तीसगडमध्ये खसरा आणि बी-१ पाहिला जातो. पण चालू खसरा फक्त आजचा मालक व आजचा वापर सांगतो. ती जागा पूर्वी तलाव होती का, हे जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत आणि या दोन पत्रकांत सापडते.

३. परवानगी म्हणजे नेमके काय

शहरात घर बांधताना साधारणपणे तीन वेगळे प्रश्न विचारले जातात. जमीन शेतीची असेल तर तिचे व्यपवर्तन झाले आहे का, हे महसूल खाते पाहते. शहराच्या विकास योजनेत तिथे निवासी वापर आहे का, हे नगर तथा ग्राम निवेश विभाग १९७३ च्या अधिनियमाखाली पाहतो. नकाशा, सामासिक अंतरे, उंची, सांडपाणी यांची तपासणी महानगरपालिका १९५६ च्या अधिनियमाखाली करते.

प्रत्येक खाते आपापल्या दप्तरापुरते उत्तर देते. ‘पुराचे पाणी इथपर्यंत येते का?’ हा प्रश्न जलसंपदा खात्याच्या माहितीचा आहे. ती माहिती विकास योजनेच्या नकाशावर रेषेच्या रूपाने उमटली नसेल, तर मंजुरी देणाऱ्या कारकुनासमोर किंवा अभियंत्यासमोर तो प्रश्न येतच नाही. परवानगी खरी असते, पण तिच्यात हा एक प्रश्न तपासलेलाच नसतो.

४. पुण्याचा धडा आणि दोन रेषा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या पाण्याने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. लोक नदीपासून दूर गेले. काठची जमीन मात्र मध्यवर्ती व मौल्यवान असल्याने तिथे बांधकामाचा दाब कायम राहिला.

१९८९ मध्ये महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून दोन रेषा ठरवल्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची पातळी, यांतली जी जास्त ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या आणि लाल रेषेमध्ये नियंत्रित क्षेत्र. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नियंत्रित क्षेत्रात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवे.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. एकदा पूर आला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा तो नाही. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षे एकाच घरात राहिलात तर असा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. २५ वर्षांच्या पुराबाबत तीच शक्यता सुमारे ७१ टक्के. गृहकर्ज फेडण्याचा काळही बहुधा वीस-तीस वर्षांचाच असतो. शिवाय वरच्या भागात काँक्रीट वाढले, नाले अरुंद झाले, तर तेवढ्याच पावसात पाण्याची पातळी जास्त चढते. म्हणजे एकदा आखलेली रेषाही कायमची बरोबर राहत नाही. पंचगंगेच्या काठी कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले.

५. देशपातळीवर कायदा का झाला नाही

१९५४ च्या मोठ्या पुरानंतर केंद्राने राष्ट्रीय पूर धोरण जाहीर केले. भर होता तो बांध आणि धरणांवर. महानदीवरील हिराकूड धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले, तो याच विचाराचा काळ. पाणी अडवण्याबरोबर माणसांच्या बांधकामावरही मर्यादा हवी, हा विचार १९७५ मध्ये केंद्रीय जल आयोगाने राज्यांना पाठवलेल्या पूरमैदान विभागणीच्या नमुना विधेयकात दिसतो. पाणी आणि जमीन हे दोन्ही राज्यांचे विषय असल्याने केंद्राला फक्त नमुना देता येत होता. मणिपूरने १९७८ मध्ये, राजस्थानने १९९० मध्ये, जम्मू-काश्मीरने २००५ मध्ये आणि उत्तराखंडने २०१२ मध्ये कायदा केला. बहुतेक राज्ये थांबली. कारण समजण्यासारखे आहे : रेषा आखली की तिच्या आतल्या जमिनीची किंमत पडते, आणि तिथे आधीच राहणाऱ्यांचे काय करायचे याचे उत्तर द्यावे लागते. केवळ कायदा पुरत नाही हेही खरे. उत्तराखंडात कायदा झाला आणि पुढच्याच जूनमध्ये केदारनाथचा प्रलय आला.

६. परवानगीविना घर आणि नियमितीकरण

छत्तीसगडमध्ये २००२ पासून अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा आहे. दंड व शुल्क भरून विनापरवाना बांधकाम अधिकृत करण्याची सोय त्यात आहे. गरीब कुटुंबाला त्यातून दिलासा मिळतो, हे नाकारता येत नाही. दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंह खटल्यात मांडली. पंजाबमधील एका गावाच्या तळ्याच्या जागेवर घरे बांधली गेली होती. खूप पैसा खर्च झाला एवढ्या कारणाने असे अतिक्रमण नियमित करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. दंड भरल्याने मालकाचा कागद बदलतो. पाण्याची पातळी तीच राहते, आणि वाट अडलेले पाणी शेजारच्या घरात शिरते. त्या शेजाऱ्याकडे कदाचित रीतसर परवानगी असते.

समारोप

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. परवानगी आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. जुन्या बंदोबस्तात तलाव, मग पडीक, मग मैदान, मग निवासी भूखंड, असा एखाद्या जागेचा प्रवास चार दप्तरांत विखुरलेला असतो. तो जोडून वाचणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला येते, आणि घर घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा थेट उपयोग होतो. भूखंड पाहताना चालू खसऱ्याबरोबर जुनी मिसल मागा, विकास योजनेत नाला कुठून जातो ते पाहा, वस्तीतल्या वयस्कर माणसांना पाणी कुठवर आले होते ते विचारा आणि जोत्याची उंची त्या पातळीशी ताडून पाहा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नळाचे पाणी येणे आणि तलाव बुजणे यांचा संबंध तुमच्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरात ‘बांध’, ‘तळे’, ‘नाला’, ‘डोह’ असे शब्द असलेली ठिकाणांची नावे शोधा. आज तिथे काय आहे?
३. पूररेषेच्या आत पूर्वीपासून राहणाऱ्या कुटुंबांना नियमितीकरण द्यावे की पुनर्वसन? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत लिहा.