टचडाऊनचे मोल

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. तरीही त्यातील गुणांची परिभाषा आम्ही आज विषय म्हणून घेतली आहे. श्रमाचे मोल कसे ठरते आणि कसे बदलते, याचा एक सरळ इतिहास तीत सापडतो.

या खेळात चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची शेवटची रेषा गाठली की त्यास 'टचडाऊन' म्हणतात. शब्दाचा अर्थ जमिनीला टेकवणे. आज मात्र चेंडू टेकवावा लागत नाही. तो रेषेवर पोचला की पुरे. हे नाव आले इंग्लंडच्या रग्बीतून. तेथे पूर्वी नुसता चेंडू टेकवल्याने गुण मिळत नसे. मिळे तो दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू लाथेने मारून पाहण्याचा हक्क. म्हणूनच रग्बीत त्यास 'ट्राय', म्हणजे प्रयत्न, हे नाव पडले. धावणाऱ्याने अंगावर मार घ्यावा आणि हिशेबात धरावी ती लाथ, असा तो न्याय होता!

१८७४ साली कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळला आणि रग्बीची पद्धत अमेरिकन विद्यार्थ्यांत रुजू लागली. १८७६ साली स्प्रिंगफील्ड येथे महाविद्यालयांच्या प्रतिनिधींची बैठक भरली. तिने टचडाऊन हिशेबात घेतले, पण एका गोलाची किंमत चार टचडाऊनांइतकी धरली. १८८३ साली येलचा माजी खेळाडू वॉल्टर कॅम्प याच्या पुढाकाराने गुणांचा तक्ता झाला: टचडाऊनला २, त्यानंतरच्या लाथेला ४, आणि चालू खेळात मारलेल्या 'फील्ड गोल'ला ५. पुढच्याच वर्षी पारडे फिरले. टचडाऊनला ४, नंतरच्या लाथेला २. शतक सरता सरता हे प्रमाण ५ आणि १ झाले. फील्ड गोल १९०४ साली ४ वर व १९०९ साली ३ वर उतरला. १९१२ साली टचडाऊनला ६ गुण मिळाले, ते आजही आहेत.

'सेफ्टी' या शब्दाची कथा याहून मौजेची आहे. आपल्याच रेषेमागे कोंडीत सापडलेला खेळाडू सुरक्षिततेसाठी चेंडू तेथेच टेकवी. प्रथम त्याबद्दल दंड नव्हता. १८८३ पासून त्याचा एक गुण प्रतिपक्षास मिळू लागला, पुढे दोन झाले. नाव सुरक्षिततेचे, पण पदरी नुकसान!

दरपत्रके वाचण्यात आमचे आयुष्य गेले. कामाचे नाव तेच राहते आणि त्यामागचा दर बदलतो, हे आम्हांस नवे नाही. दर आभाळातून पडत नाही. तो बैठकीत ठरतो, आणि बैठकीतच बदलता येतो. स्प्रिंगफील्डच्या त्या बैठकीत खेळणाऱ्या महाविद्यालयांचे विद्यार्थीच बसले होते, ही गोष्ट आम्हांस त्या आकड्यांहून मोलाची वाटते.

हा हिशेब तेथेच थांबला नाही. टचडाऊननंतर लाथ न मारता चेंडू पुन्हा रेषेपार नेल्यास दोन गुण द्यावेत, असा नियम महाविद्यालयांनी १९५८ साली केला. एनएफएल या व्यावसायिक संघटनेने तो १९९४ साली स्वीकारला. लाथेला मात्र एकच गुण राहिला.